नियमातला गोठलेला आकडा

सप्रेम नमस्कार,

कमी उत्पन्नाच्या वृद्धांना त्यांच्या हक्काचे लाभ मिळवून देण्याच्या कामात उतरायचे तू ठरवले आहेस आणि सुरुवात कुठून करावी, असे विचारले आहेस. अर्ज भरायला मदत करणे आवश्यकच आहे आणि पहिले काही महिने तू तेच करावेस. मात्र एकाच कारणाने दुसरा, तिसरा अर्ज फेटाळला गेला, की त्यामागचा मूळ नियम काढून वाच, कारण दोष पुष्कळदा तिथे असतो.

नियम वाचताना आधी आकडे पाहावेत आणि प्रत्येक आकडा कोणत्या वर्षी ठरला हे शोधावे. अमेरिकेत गरीब वृद्धांना व अपंगांना मिळणाऱ्या ‘सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम’साठी एकट्या व्यक्तीची हिशेबात धरली जाणारी मालमत्ता २,००० डॉलरपेक्षा अधिक नसावी, अशी अट आहे. राहते घर आणि एक वाहन सहसा त्यातून वगळले जाते. आजारपणासाठी बँकेत राखून ठेवलेली शिल्लक मात्र मोजली जाते. ही मर्यादा १९८९ पासून तशीच आहे, आणि त्याच योजनेतली मासिक रक्कम महागाईनुसार वाढवण्याची तरतूद मात्र कायद्यात आहे. भारतात राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयोगटासाठी २०११ पासून दरमहा २०० रुपयेच राहिला आहे. त्यात राज्ये आपापली भर घालतात, त्यामुळे हातात किती पडणार हे राज्यावर ठरते. असा आकडा गोठवण्यासाठी सभागृहात कोणाला हात वर करावा लागत नाही आणि त्याची बातमीही होत नाही, तरी दरवर्षी लाभ थोडा थोडा घटत जातो. म्हणूनच एकवेळच्या वाढीपेक्षा, रक्कम आणि पात्रतेची मर्यादा या दोन्ही महागाई निर्देशांकाशी जोडाव्यात, ही मागणी मला अधिक मोलाची वाटते.

पुराव्याच्या अटींकडेही तितक्याच बारकाईने पाहा. उतारवयात बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र ते ओळखत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हयातीच्या दाखल्यासाठी कार्यालय गाठता येत नाही. जिच्या जन्माची नोंदच झाली नाही, तिच्याकडे वयाचा दाखला मागितला जातो. अशा वेळी ती अट नेमकी कुठून आली हे विचार. ती कायद्यात असेल तर लोकप्रतिनिधींकडे जावे लागेल, शासनाच्या आदेशात असेल तर त्या खात्याच्या सचिवांकडे, आणि कुठेच लिहिलेली नसून केवळ खिडकीवरची प्रथा असेल, तर वरिष्ठांना लिहिलेल्या एका नेमक्या पत्राने ती सुटू शकते. हा भेद न करता काढलेले मोर्चे चुकीच्या दारावर जातात आणि माणसे थकून जातात.

अटी कायमच्या असतात असे मानू नकोस. न्यूझीलंडने १८९८ मध्ये वृद्धांसाठी करांतून निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा उत्पन्न आणि मालमत्तेबरोबर अर्जदाराचे चारित्र्यही तपासले जाई. आज तिथे वय आणि वास्तव्याची अट पूर्ण करणाऱ्याला त्याचे उत्पन्न न तपासता निवृत्तिवेतन मिळते.

एखाद्याची हकीकत धोरणकर्त्यांपुढे नेण्याआधी त्या व्यक्तीची संमती घे आणि नकार दिला तरी तिच्या कामात खंड पडणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांग. ज्यांचा महिना एका कार्यालयाच्या मर्जीवर चालतो, त्यांना तक्रारीची भीती वाटणे साहजिक आहे. नावे गाळून अर्जाची तारीख, नकाराचे कारण आणि लागू केलेला नियम एवढे प्रत्येक वेळी नोंदव. नकार तोंडी मिळाला असेल तर तो आधी लेखी माग, कारण अपिलाची मुदत बहुधा त्या पत्राच्या तारखेपासून मोजली जाते.

कळावे.