रीफ टाकीसाठीच्या (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठीच्या) ड्राय रॉकला, म्हणजे कोरड्या सच्छिद्र दगडाला, भोक पाडताना दगड फुटतो. काय चुकतंय? आणि नुसता धुऊन टाकीत ठेवला तर चालेल का?

बहुधा ड्रिलचा हॅमर मोड चालू राहिला असेल. भिंतीसाठी तो ठीक, पण सच्छिद्र चुनखडीचा दगड त्या ठोक्यांनी आतल्या पोकळ्यांपाशी तडकतो. हॅमर बंद ठेवा, वेग कमी ठेवा आणि मेसनरी बिट वापरा. दगड आदल्या रात्री पाण्यात भिजवला की धूळ कमी उडते. ओल्या कामाला बॅटरीवरचं ड्रिल घ्या, वायरवालं नको. दगड शिकंजात आवळू नका, ओल्या वाळूच्या घमेल्यात बसवा. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच.

आधी 4-5 मिमीचं भोक पाडा, मग दगड जोडायच्या रॉडपेक्षा 1 मिमी मोठं बिट लावा. दर सेंटीमीटरला बिट बाहेर काढून भुकटी झटका. ओल्या भुकटीचा लगदा खाचांत दाटला की बिट अडकतं, हाताला झटका बसतो आणि दगड दुभंगतो. आरपार जायचं असेल तर अर्धं भोक दुसऱ्या बाजूने पाडा, नाहीतर बिट बाहेर पडताना तिथला टवका उडतो. शक्य असेल तिथे आरपार जाऊच नका, 4-5 सेंमी खोली पुरते. रॉड ॲक्रिलिकचा किंवा फायबरग्लासचा. धातूचा कधीच नको, विशेषतः पितळ-तांब्याचा, कारण तांबं कोळंबी आणि प्रवाळांना विष आहे.

भोकं आणि कोरडी जुळणी (गोंदाशिवाय रचून पाहणं) सफाईच्या आधीच उरका, म्हणजे भोकांतली भुकटीही धुण्यात निघून जाते.

आता धुण्याबद्दल. नुसतं पाणी पुरत नाही. दगड जुन्या टाकीतला असेल तर वाळलेले जीव आत असतात: 1 भाग साधं ब्लीच, 10 भाग पाणी, आत पंप, आठवडाभर. मग भरपूर धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा. त्यानंतरच म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड, तेही पृष्ठभागात फॉस्फेट (शेवाळाचं खाद्य) मुरलेलं असेल तरच. प्लास्टिकच्या पिंपात 10 भाग पाणी घ्या आणि त्यात 1 भाग ॲसिड ओता. उलट कधीच करू नका. काम उघड्यावर, हातमोजे घालून. फसफस मंदावली की दगड काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा आणि धुवा. ब्लीचचा अंश उरलेला असताना ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. तो जीवघेणा आहे, इथे घाई नको.

शेवटी झाकलेल्या पिंपात मिठाचं पाणी (सापेक्ष घनता 1.025), हीटर 25-26 अंशांवर आणि जोरदार पंप. अंधार हवा, नाहीतर शेवाळ चढतं. फॉस्फेट कमी दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. सगळं पाणी बदला आणि आठवड्याने पुन्हा मोजा. आकडा परत चढला तर दगड अजून फॉस्फेट सोडतोय. याला कित्येक आठवडे लागतात, पण इथे वाचवलेला वेळ पुढे टाकीतल्या केसाळ शेवाळावर दुपटीने खर्च होतो. मग अमोनिया पचवणाऱ्या बॅक्टेरियाची बाटली ओतून 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) अमोनिया घाला. तो 24 तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही उरलं नाही, की दगड तयार.

जुळवताना रॉडवर सुपर ग्लू जेल आणि भोवती एपॉक्सी पुट्टी. दोन्ही ओल्या दगडावर धरतात. पुट्टी पाण्यात गेली की स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) एखादा दिवस उतू जातो, तोवर तो बंद ठेवा. तळचा दगड थेट काचेवर टेकवा आणि वाळू नंतर ओता. वाळूवर उभा केलात तर बिळं करणारे गोबी मासे आणि पिस्तूल कोळंबी खालून पोखरतात आणि सगळा ढीग काचेवर कोसळतो.