स्पेअर किल्ली खिशातच राहू द्या

प्रश्न: मी साताऱ्याचा. माझी 2004 ची एमपीएफआय जिप्सी आहे, घरच्या वापराची. गाडी उभी असताना अॅक्सिलरेटरवर पाय नसला तरी रेस आपोआप चढते, पडते, पुन्हा चढते. पुण्यातल्या एका गॅरेजात दिली, दहा हजार अॅडव्हान्स दिले. त्यांनी आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह बदलला, थ्रॉटलचा सेन्सर बदलला, शेवटी सेकंडहँड ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) टाकला. बिल 38,500, दोष जिथल्या तिथे. जुने पार्ट परत दिले नाहीत. मी तिथेच पक्कड घेऊन ब्रेक बूस्टरचा रबरी पाइप दाबून धरला, तर रेस एकदम स्थिर झाली. मित्राने मोबाइलवर व्हिडिओ घेतला आहे. आता ते म्हणतात, पूर्ण बिल भरा, मागच्या वर्षीच्या क्लचच्या कामाचे राहिलेले चार हजार भरा, शिवाय रोजचे दोनशे पार्किंग, तरच गाडी मिळेल. गाडी गॅरेजबाहेर रस्त्यालाच उभी असते आणि स्पेअर किल्ली माझ्याकडे आहे. माझीच गाडी मी घेऊन आलो तर काय बिघडलं?

उत्तर: बरंच बिघडेल. आधी किल्लीचंच बोलतो, कारण बाकीचं सावकाश निस्तरता येईल.

स्वतःच्या वस्तूची चोरी करता येते. ऐकायला विचित्र वाटतं, पण 1860 च्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली घड्याळाचं उदाहरण होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 303 खाली ते कायम आहे. घड्याळ दुरुस्तीला दिलं, घड्याळजीचं काही देणं नाही, आणि मालक ते उचलून घेऊन गेला, तर ती चोरी नव्हे. पण दुरुस्तीचे पैसे देणं बाकी आहे, त्यापोटी घड्याळजीने घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवलं आहे, आणि त्याचं हे तारण बुडवायच्या इराद्याने मालकाने ते नेलं, तर ती चोरीच. घड्याळाच्या जागी जिप्सी ठेवा. गाडी रस्त्यावर उभी आहे, एवढ्याने गॅरेजचा ताबा संपत नाही. आज तुम्ही तक्रारदार आहात. रात्री गाडी हलवलीत की सकाळी चौकीत आरोपी म्हणून बसाल, आणि समोरच्याच्या हाती आयतं कोलीत मिळेल.

मग गॅरेजवाल्याला गाडी अडवायचा हक्क आहे का? भारतीय करार कायदा, 1872, कलम 170. दुरुस्तीसाठी सोपवलेल्या वस्तूवर कारागिराने ठरलेल्या हेतूप्रमाणे मेहनत किंवा कौशल्य खर्च केलं असेल, तर योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू त्याला ठेवून घेता येते. ‘ठरलेल्या हेतूप्रमाणे’ आणि ‘योग्य मोबदला’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा, तुमची केस त्यांच्यावर उभी राहणार आहे. गाडी दिली ती रेस स्थिर करायला. ती झालीच नाही, तर हा हक्क निर्माण तरी झाला का, असा युक्तिवाद मी नक्की करेन. पण तो ग्राहक आयोगापुढे करायचा, रात्री दोन वाजता गॅरेजसमोर नाही.

क्लचच्या चार हजारांचा मात्र या अडवणुकीशी संबंध नाही. कलम 170 चा हक्क त्याच कामाच्या पैशापुरता असतो. जुन्या-नव्या सगळ्या बाकीसाठी वस्तू अडवायची मुभा कलम 171 ने बँका वगैरे मोजक्या मंडळींना दिली आहे, त्यात गॅरेज नाही. (आम्हा वकिलांनाही फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच बजावलं आहे.) चार हजार खरोखर देणं असतील तर देऊन टाका, पण ते वेगळं खातं. पार्किंगचंही तसंच. स्वतःच्या पैशासाठी गाडी अडवायची आणि त्या अडवण्याचं भाडं तुमच्याकडून घ्यायचं, हे जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना गॅरेज भरतं त्या कागदावर, आधी लिहून तुमची सही घेतलेली नसेल तर टिकणं कठीण.

गाडी सोडवायचा मार्ग जरा कडू आहे: पैसे भरा, पण हक्क राखून. आधी स्पीड पोस्टने आणि व्हॉट्सअॅपवर लेखी कळवा की दोष गेलेला नाही, बिल मान्य नाही, पार्किंग आणि जुनी बाकी या कामात धरता येणार नाही, सविस्तर बिल आणि काढलेले पार्ट द्या, आणि या कामाची उरलेली रक्कम मी केवळ गाडी सोडवण्यासाठी, परत मागण्याचा हक्क राखून देत आहे. रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने द्या, रोख नको. पार्किंगवाचून सोडतच नसतील तर तेही याच शेऱ्याने भरा. ‘भरलेत म्हणजे कबूल केलंत’ असं कोणी म्हणालं तर करार कायद्याचंच कलम 72 आहे. त्यातलं उदाहरण जणू तुमच्यासाठीच लिहिलंय: रेल्वे कंपनी बेकायदा आकार भरल्याशिवाय माल सोडत नाही, मालक माल मिळावा म्हणून तो भरतो, आणि जितका जादा भरला तितका परत मिळवायला तो हक्कदार ठरतो. योग्य ती रक्कम देऊ केल्यावरही गाडी अडवली, तर पोलिसांकडे जाण्यात अर्थ आहे. आज गेलात तर ‘दिवाणी मामला आहे’ म्हणतील, आणि ते फारसं चुकीचंही नाही.

आता मूळ तक्रार. इथे वाचकांची नेहमी गल्लत होते. मिस्त्रीचं निदान चुकलं म्हणजे आपोआप सेवेतली त्रुटी झाली असं नाही, आणि त्रुटी सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदाराचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा सांगितलं आहे. तुम्हाला दाखवायचंय ते हे, की साधारण कसबी मिस्त्री जे आधी तपासतो तेच यांनी तपासलं नाही.

ब्रेकच्या पेडलला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतल्या) व्हॅक्यूमवर चालतो. पाइप चिरला की थ्रॉटलला, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेला, बगल देऊन हवा आत शिरते आणि रेस चढते. थ्रॉटल तर बंद आहे, तेव्हा गाडी उतारावर लोटतेय अशी समजूत करून घेऊन ईसीएम पेट्रोल तोडतो. रेस पडते, पेट्रोल पुन्हा सुरू, रेस पुन्हा वर. चक्र चालूच. पाइप दाबल्यावर ते थांबलं, याचा अर्थ गळती त्या पाइपात किंवा पुढे बूस्टरच्या डायफ्रॅममध्ये (आतल्या रबरी पडद्यात) असण्याची दाट शक्यता आहे. ‘पाइपच फाटलाय’ असं तक्रारीत छातीठोक लिहू नका. उद्या डायफ्रॅम निघाला तर उलटतपासणीत तेच धरून बसतील. रेस चढली म्हणून कोणी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू (झडप कुठवर मिटेल ते ठरवणारा) फिरवून ठेवला असेल, तर तेही बघायला हवं.

म्हणून गाडी हातात आली की लगेच दुरुस्त करून टाकू नका. दुसऱ्या अनुभवी मेकॅनिककडून, शक्यतो अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून, तपासून लेखी अहवाल घ्या: काय तपासलं, गळती कुठे सापडली, आधी बदललेले भाग खराब असण्याचं काही चिन्ह होतं का. खाली तारीख, सही, शिक्का. काढलेला पाइप पिशवीत घालून जपा. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी आयडलिंगवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवून, होते, तेव्हा दुरुस्तीआधी आणि नंतर एकेक चाचणी करून दोन्ही प्रिंट ठेवा. मित्राचा व्हिडिओ मूळ फोनमध्येच राहू द्या, त्याचं प्रतिज्ञापत्र लागेल.

तक्रारीसाठी पुण्याला हेलपाटे नकोत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019, कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सातारा जिल्हा आयोगात ती दाखल होते. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांना फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन भरता येते, वकील लागतोच असंही नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा, गॅरेजवाले कधी कधी तेवढ्यावर जमिनीवर येतात. मागितल्यावरही पक्कं बिल दिलं नाही, तर ती याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मागणी माफक ठेवा: विनाकारण बदललेल्या भागांचे आणि ते बसवायच्या मजुरीचे पैसे, भरावं लागलं असल्यास पार्किंग, दुसऱ्या तपासणीचा खर्च, त्रासापोटी थोडी रक्कम. मानसिक त्रासाचे पाच लाख मागितले की खऱ्या तीस हजारांकडेही आयोग संशयाने बघतो.

आणि गाडी पुण्याहून चालवत आणू नका. बूस्टरला व्हॅक्यूम पुरत नसेल तर ब्रेकचं पेडल कडक होतं, आणि वाटेत घाट आहे. टो करून आणा. त्याची पावती खर्चाच्या यादीत जोडता येईल.