शब्दांवाचून गाणे

प्रश्न : माझी मुलगी ‘एक्सप्लोजन्स इन द स्काय’ या अमेरिकन बँडचे संगीत तासन्‌तास ऐकते. त्यात ना गायक, ना शब्द. मग एवढी गोडी कशाची?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९९९ मध्ये जमलेल्या या बँडचा मुख्य भर तीन इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम यांवर आहे. एक गिटार छोटीशी सुरावट छेडते, दुसरी तिच्याभोवती वेगळी ओळ गुंफते, आणि पुढील आठ-दहा मिनिटांत, मुखडा-अंतऱ्याच्या चौकटीत न अडकता, तीच सुरावट कधी कुजबुजीइतकी क्षीण, तर कधी कानठळ्या बसवणारी होते. ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात बढतीचा, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेण्याचा, आनंद समजावून सांगायला नको. मात्र ख्यालात राग उलगडतो आणि लय चढत जाते, तर येथे प्रामुख्याने आवाजाची घनता वाढते. शब्द नसल्यामुळे दुःख कोणाचे, आनंद कशाचा, हे ऐकणाराच ठरवतो, आणि मला या संगीताची खरी ओढ वाटते ती याच मोकळेपणामुळे. मोबाइलच्या स्पीकरवर त्यातील हळुवार भाग हरवतात. म्हणून चांगल्या हेडफोनवर, मुलीनेच निवडलेली एक रचना मध्ये न थांबवता पूर्ण ऐका.