मोठी संकटं समाजाला खरंच घडवतात का? आणि ती छाप किती काळ टिकते?

दुष्काळ, साथी, भूकंप यांतून गेलेले समाज त्यामुळे जास्त कणखर होतात का, आणि पुढच्या पिढ्यांवर त्याचं काय उरतं, असं तुम्ही विचारलंय. 'संकटं माणसाला घडवतात' हे भाषणात खपून जातं. दाखले तपासायला घेतले की एकच संकट दोन ठिकाणी नेमके उलटे परिणाम करून गेलेलं सापडतं. म्हणून आधी दोन गोष्टी पाहाव्यात: संकटानंतर तुटवडा कशाचा पडला आणि कायदा कुणाच्या हातात होता. मिळालेला धडा कुठे साठवला गेला, ही तिसरी गोष्ट. माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची, तिच्याकडे शेवटी येतो.

१३४७ ते १३५१ या काळात प्लेगने युरोपातली किमान एक तृतीयांश माणसं नेली, काही अंदाजांनुसार निम्मी. जमीन, जनावरं, अवजारं होती तेवढीच राहिली, राबणारे हात कमी झाले. साहजिकच मजुरी चढली. इंग्लंडच्या राजाने १३४९ मध्ये हुकूम काढला, १३५१ मध्ये कायदा आला, आणि मजुरी साथीआधीच्या दरावर बांधून टाकली. पण पीक कापणीला आलं की जमीनदारच गुपचूप जास्त पैसे मोजून शेजारच्याचे मजूर फोडायचे, त्यामुळे कायदा पोकळ ठरत गेला. १३८१ च्या शेतकरी उठावामागे डोईपट्टीबरोबर याही कायद्याचा राग होता. उठाव चिरडला गेला, तरी पुढच्या शतकभरात तिथली भूदास पद्धत, म्हणजे कुळाला जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी रीत, विरत गेली. जर्मनीतल्या एल्बे नदीच्या पूर्वेकडे शहरं कमजोर आणि जमीनदार बलवान होते. मजुरांची टंचाई तिथेही होती, पण तिच्यावरचा उपाय म्हणून कुळांना पुढच्या दोन-तीन शतकांत जमिनीला अधिकच घट्ट जखडलं गेलं. तेव्हा 'प्लेगने युरोपचा मजूर मोकळा केला' हे वाक्य नकाशाच्या अर्ध्याच भागाला लागू पडतं.

संकटात माणसं एकमेकांना धरून राहतात, हेही खरं आहे, पण ते बहुतेक वेळा 'आपल्या' माणसांपुरतं असतं. फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्गमध्ये ज्यूंना जाळलं गेलं, तेव्हा प्लेग त्या शहरात पोहोचलासुद्धा नव्हता. अफवा अशी होती की ते विहिरींत विष कालवतात. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतर तोक्यो-योकोहामा भागात हीच अफवा कोरियन लोकांबद्दल उठली आणि हजारोंची कत्तल झाली. पावणेसहाशे वर्षांत अफवेचा मजकूरसुद्धा बदलला नाही!

शरीरावर काय उरतं, याचा सगळ्यात नीट अभ्यास नेदरलँड्समधला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिमेकडच्या शहरांत शिधा दिवसाला हजार कॅलरींच्या खाली गेला, काही आठवडे पाचशेच्या आसपास होता. हा दुष्काळ ठरावीक दिवशी सुरू होऊन ठरावीक दिवशी संपला आणि रुग्णालयांतल्या बाळंतपणाच्या नोंदी शाबूत राहिल्या. त्यामुळे कोणतं मूल गर्भात कितव्या महिन्यात असताना उपासमार झाली, हे नंतर ताडून पाहता आलं. शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेली बाळं कमी वजनाची जन्मली. सुरुवातीच्या महिन्यांत झालेल्यांचं जन्मवजन फारसं कमी नव्हतं, पण मोठेपणी त्यांच्यात लठ्ठपणा आणि हृदयरोग जास्त आढळले. साठेक वर्षांनंतरही त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्याच भावंडांपेक्षा वेगळ्या दिसल्या. एवढ्यावरून 'दुःख सात पिढ्यांच्या रक्तात उतरतं' असे लेख फिरतात, त्यांच्यापासून सावध राहा. भक्कम पुरावा आहे तो स्वतः गर्भात असलेल्यांचा. नातवंडांपर्यंत गेलं की तो बराच पातळ होतो.

घराच्या रचनेवर झालेला परिणाम आयर्लंडमध्ये दिसतो. १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजत गेलं, सुमारे दहा लाख मेले, आणखी दहा लाखांच्या आसपास देश सोडून गेले. आधी जमिनीचे तुकडे पाडून सगळ्या मुलांना वाटायची चाल होती. नंतर एकाच मुलाला जमीन, त्याचंही लग्न उशिरा, बाकीच्यांनी जहाजाने परदेशी जायचं, अशी रीत पक्की झाली. १८४१ ची सुमारे ८२ लाखांची लोकसंख्या त्या बेटाने आजवर पुन्हा गाठलेली नाही.

आता तिसरी गोष्ट. आठवण आपोआप टिकत नाही. पाहिलेली माणसं गेली की दोन पिढ्यांत ती गोष्टीपुरती उरते. टिकते ती एखाद्या ठोस कृतीला बांधलेली आठवण. इंडोनेशियात सिमेउलुए बेटावर १९०७ मध्ये त्सुनामीने खूप माणसं मेली. तिथे त्या लाटेला 'स्मोंग' म्हणतात आणि अंगाईपासून गप्पांपर्यंत एकच सूचना पुढे सरकत राहिली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला, तर सामान सोडून डोंगराकडे पळायचं. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचं केंद्र या बेटाजवळच होतं, काही भागांत पहिली लाट दहाएक मिनिटांत आली. सुमारे ७८ हजार वस्तीतले मेले ७. समोरच्या आचे किनाऱ्यावर अशी सूचना लोकांच्या तोंडी नव्हती. समुद्र ओसरल्यावर काहीजण उघड्या पडलेल्या तळावरचे मासे वेचायला खाली उतरले. सिमेउलुएच्या सूचनेत खूण, कृती आणि दिशा या तिन्ही आहेत. नुसतं 'पूर्वी फार मोठी लाट आली होती' एवढं सांगून कुणी धावलं नसतं.

सरकारांच्या बाबतीत तर धडा उलटासुद्धा शिकला जातो. १८७३-७४ मध्ये बिहारात टंचाई पडली तेव्हा ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून साडेचार लाख टन तांदूळ आणवला. भूकबळी फारच थोडे झाले. शाबासकी मिळायची ती राहिली बाजूला, उधळपट्टी केली म्हणून टीका झाली. तेच टेंपल १८७७ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रासकडे आले ते काटकसरीचा चंग बांधून. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा. मुंबई इलाख्यात मजूर कामं सोडून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. १८७६-७८ मध्ये पन्नास लाखांहून जास्त माणसं गेली.

त्यातून १८८० चा दुष्काळ आयोग आला आणि १८८३ ची दुष्काळ संहिता. तिचं यंत्र साधं होतं. पाऊस लांबणं, धान्याचे भाव चढणं, लोक गाव सोडून भटकू लागणं या खुणांवर जिल्हाधिकाऱ्याने लक्ष ठेवायचं. शंका आली की कसोटीची कामं काढायची, मजुरी मुद्दाम कमी ठेवून, म्हणजे खरा गरजूच येईल. तिथे गर्दी झाली की दुष्काळ जाहीर करायचा, मोठी कामं सुरू करायची, म्हाताऱ्या-आजाऱ्यांना कामाविना मदत द्यायची, शेतसारा तहकूब करायचा. यातला कच्चा दुवा एकच, पण जीवघेणा: जाहीर करणं सरकारच्या मर्जीवर होतं. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ जाहीरच केला नाही. केला असता तर संहितेप्रमाणे धान्य पुरवावं लागलं असतं आणि तेवढा साठा हाताशी नव्हता. संहिता कपाटात आणि माणसं कलकत्त्याच्या फुटपाथवर. सुमारे तीस लाख मेले.

हा दुवा बदलायला आणखी एक दुष्काळ लागला. महाराष्ट्रात १९७२-७३ मध्ये दुष्काळी कामांवर, रस्ते आणि पाझर तलावांवर, ऐन उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैशासाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. हाच विचार २००५ च्या देशव्यापी कायद्यात गेला. त्यात घोषणेची वाट बघायची नव्हती: माणसाने काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. प्रत्यक्षात भत्ता क्वचितच मिळाला, कारण बऱ्याच ठिकाणी मागणीच्या अर्जाची तारीख टाकलेली पोचच दिली जात नसे, आणि पोच नाही म्हणजे पंधरा दिवस मोजायला सुरुवात कुठून करायची?