कौलं कोण शेकारणार, ते आधी विचारा

तुम्ही विचारलंय की जुन्या नाशकात वाड्याचा अख्खा वरचा मजला भाड्यानं मिळतोय, घरात पाच माणसं, तर घ्यावा का? भाडं किती असतं आणि पार्किंग मिळतं का? भाड्याचा आकडा मी सांगत नाही. वाड्याला दर नसतोच. मालकाला तुम्ही किती गरजू वाटलात आणि भावकीत भांडण किती आहे, यावर तो ठरतो.

आम्ही २०१६ च्या एप्रिलमध्ये तिवंध्याजवळ असाच मजला घेतला होता. आधी इंदिरानगरला दोन खोल्यांत आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. इथलं माजघरच त्या फ्लॅटएवढं. सागाचे खांब, दीड हात जाडीची भिंत, कोनाडे, गल्लीवर सज्जा. फ्रिज जिन्यातून चढेना, म्हणून दोर लावून सज्ज्यातून वर ओढला, निम्मी गल्ली दोराला. मे महिन्यात कूलर काढावासुद्धा लागला नाही. सासूबाई तर माहेरी आल्यासारख्या वावरायच्या. फक्त आमचे मोठे दीर (गंगापूर रोड, तिसरा मजला, लिफ्ट) जिन्यातच थांबून म्हणाले, "वाडे पाडायचे असतात, राहायला जायचं नसतं. करार तरी नोंदवलात का?"

नव्हता नोंदवला. मालक म्हणाले होते, "घरच्यासारखे आहात, कशाला तो खर्च?" शंभराच्या स्टँपवर सह्या झाल्या आणि आम्हालाही पैसे वाचल्याचा आनंद झाला.

२ ऑगस्टला गोदेला पूर आला. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं. आम्ही चढावर, त्यामुळे नदी आली नाही. आमच्याकडे पाणी आलं ते वरून. माजघरात सात पातेली आणि मुलांची बादली मांडली होती. मालक म्हणाले, तुम्हीच कौलं शेकारून घ्या (म्हणजे उतरवून, फुटकी बदलून पुन्हा रचून), भाड्यातून वळते करू. कौलं, दोन वासे, मजुरी मिळून ३८ हजार गेले. दिवाळीत मालकांचे पुण्याचे चुलतभाऊ उगवले आणि चहा पिऊन झाल्यावर विचारतात, "आमच्या हिश्श्याच्या छपराला हात लावायला कुणी सांगितलं?" सिटी सर्व्हेचा उतारा (जागेच्या मालकांची नावं असलेला सरकारी कागद) काढला तर अकरा नावं, त्यातले तिघे वारलेले. भाडं घ्यायला एक माणूस आणि वळतं करायची वेळ आली की अकरा.

पुढच्या मेमध्ये दारावर धोकादायक बांधकामाची नोटीस लागली. जुन्या नाशकात पावसाळ्याआधी अशा नोटिसा लागतातच आणि वाडे खरोखर पडतातही, पण आमची नोटीस कुणाच्या अर्जावरून आली ते गल्लीतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. जूनमध्ये आम्ही बाहेर पडलो. ३८ पैकी १२ हजार वळते झाले होते.

फार उशिरा कळलं की १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे ते बोट आमच्याकडे रोखायचं नव्हतंच! दीर अजूनही लग्नामुंजीत "नोंदवला नाही ना" म्हणतात, म्हणून हे सविस्तर लिहिलं. त्यांचा मुलगा इथे वाचत असतो.

तर तुम्ही घ्या. पण उतारा काढून नावं मोजा, सगळ्यांची संमती घ्या, आणि दरवर्षीची शेकारणी कुणी करायची ते करारात लिहूनच सही करा. जागा बघायला जाल तेव्हा खांबांवरची नक्षी बघत बसू नका. तुळईचं टोक भिंतीत जातं तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचा, ओल तिथेच धरते. भुसभुशीत लागलं तर उलट पावली परत. न्हाणीघर मागाहून वर चढवलेलं असेल तर त्याच्या खालची खोली आधी पाहा. मी काही इंजिनिअर नाही, एखाद्याला दाखवून घ्या. आणि २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा मधे येतोय, तेव्हा मुदत पक्की करून घ्या, नाहीतर ऐन वेळी मालकाला पाहुणे आठवतील.

मालकांचीही एक बाजू आहे, तीही सांगते. आमच्या खाली तीन पिढ्यांचे भाडेकरू होते, महिन्याला ८० रुपये देणारे. एवढ्यात छप्पर कोण सांभाळणार? पण तो राग वरच्या मजल्यावर काढायचं कारण नव्हतं.

दिरांच्या बेडरूमला यंदा वरच्या फ्लॅटमधून ओल आलीय. सोसायटी म्हणते वरचा मालक बघेल, वरचा म्हणतो सोसायटी. मी काही बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले.

पार्किंगचं राहिलंच. नाही. दुचाकी देवडीत लागेल, तीही रंगपंचमीला आदल्या रात्रीच लांब नेऊन ठेवा, रहाड (रंगाच्या पाण्याचा जुना हौद) उघडली की गल्लीत कुणाचंच काही कोरडं राहत नाही.