नीतिमत्त्व : आधी जमा, मग तराजू

सोलापूर

प्रिय मित्रा,

जय ख्रिस्त. युवक संघात बोलण्यासाठी तू काढलेले मुद्दे वाचले. विषय नीतिमत्त्व, वेळ वीस मिनिटे, आणि पहिलाच मुद्दा 'व्यसन नको, खोटे नको, आईवडिलांचे ऐका'. यातले काहीच चूक नाही. पण एवढेच सांगायचे तर त्यासाठी ख्रिस्ताची गरज पडत नाही. हे शाळेच्या प्रार्थनेतही सांगतात.

घोळ शब्दातच आहे. मराठीत 'नीती' म्हटले की वागणूक डोळ्यांसमोर येते, म्हणून 'नीतिमान' म्हणजे वर्तणुकीचा दाखला चोख असलेला माणूस असे वाटते. आपल्या संघात तेलुगू आणि कन्नड घरांतली मुले आहेत. त्यांच्या बायबलांतही हाच 'नीती' शब्द आहे, तेव्हा त्यांचीही तीच अडचण होणार. हिंदी गाण्यांत 'धार्मिकता' येते, तिथे उपास-प्रार्थनेचा वास लागतो. त्यामुळे सुरुवातीची चार मिनिटे या शब्दालाच दे.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, यासाठी हिब्रू शब्द आहे त्सेदेक, किंवा त्सेदाका. तो समजवायला लेवीय १९:३६ घे. खरी तराजू, खरी वजने, धान्य मोजायचा खरा एफा, तेलापाण्याचे माप असलेला खरा हिन, असे चार वेळा 'खरा' म्हणताना तिथे दरवेळी त्सेदेकच आहे. म्हणजे जे जसे असायला हवे तसे असणे, समोरच्याशी असलेल्या नात्याला धरून असणे. आपल्याकडे हे सांगायला दूर जायला नको. बिडी वळणाऱ्या बाईला पाने तोलून मिळतात आणि हजार बिड्या भरून द्याव्या लागतात. पान कमी तोलले तर हजार भरत नाहीत, मग पदरचे पैसे घालून पान आणावे लागते. वर छाट, म्हणजे नापास बिड्या, निघाली की ती वजा होते. ते पान तोलणारा हात खरा असणे म्हणजे त्सेदेक. संघातल्या निम्म्या मुलांच्या घरात आई किंवा आजी हे काम करत असेल, त्यांना अर्थ लगेच लागेल.

हाच शब्द न्यायालयातही चालतो, आणि खरी गाठ तिथे आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात, २५:१ मध्ये, न्यायाधीशाने नीतिमानाला नीतिमान आणि दुष्टाला दोषी ठरवावे असे आहे. 'दोषी ठरवणे' म्हणजे कोणाला वाईट बनवणे नव्हे, निकाल देणे. तसेच 'नीतिमान ठरवणे' हाही निकाल. ही जोडी फळ्यावर समोरासमोर लिही. आता नीतिसूत्रे १७:१५ काढ. दुष्टाला नीतिमान ठरवणारा परमेश्वराला वीट आणतो. आणि लगेच प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातले ४:५ वाच, तिथे देव अभक्ताला नीतिमान ठरवतो! ही दोन वचने एकापाठोपाठ वाचून थांब. उत्तराची घाई करू नकोस, मुलांना जरा अडखळू दे. जो निकाल लाच खाल्लेल्या न्यायाधीशाने दिला तर पाप, तोच देव कसा देतो? पौलाचे पत्र याच प्रश्नाशी झटते, आणि रोम ३:२५-२६ हे त्याचे उत्तर आहे : ख्रिस्ताच्या रक्ताने प्रायश्चित्त झाले, म्हणून देव स्वतः न्यायी राहूनही विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवू शकतो. पापाकडे काणाडोळा झालेला नाही. हे वाक्य तुझ्या भाषणाचा कणा आहे. बाकी काही गाळावे लागले तरी हे गाळू नकोस.

तयारीसाठी रोम ३:२१ पासून चौथ्या अध्यायाच्या शेवटापर्यंतची ३६ वचने तीनदा मोठ्याने वाच. तिसऱ्या वेळी पेन्सिल घे आणि 'गणणे' येईल तिथे खूण कर. ग्रीकमध्ये हे क्रियापद एकट्या चौथ्या अध्यायात ११ वेळा आहे, मराठीत एखाद्या ठिकाणी शब्द बदललेला दिसेल. हा शब्द हिशेबाच्या वहीतलाही आहे, जमा-नावेचा. पौल मजुरीचाच दाखला देतो : काम करणाऱ्याची मजुरी ही मेहेरबानी नसते, ते देणे असते. हजारी मजुरी मागणाऱ्या बाईला हे कोणी शिकवायला नको. पण अब्राहामाच्या खात्यावर जे जमा झाले ते या हिशेबाने झालेच नाही. त्याने वचनावर विश्वास ठेवला (उत्पत्ती १५:६), आणि तो विश्वास नीतिमत्त्व म्हणून जमा धरला गेला.

इथे एक हिशेब करून दाखव, मुलांना आवडतो. मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राम (अब्राहामाचे आधीचे नाव) ८६ वर्षांचा होता (उत्पत्ती १६:१६), आणि पंधरावा अध्याय त्याच्या आधीचा. सुंता झाली तेव्हा तो ९९ वर्षांचा (१७:२४). म्हणजे निकाल आधी लागला आणि सुंतेची खूण किमान तेरा वर्षांनी आली. पौलाचा सगळा युक्तिवाद या क्रमावर उभा आहे. बाप्तिस्मा झाला, नाव मंडळीच्या वहीत आहे, म्हणजे झाले, असे मानणाऱ्या घरांना हे जरा टोचेल. टोचू दे.

न्यायाधीश आरोपीचा दंड स्वतःच्या खिशातून भरतो, ही नेहमीची गोष्ट तू मुद्द्यांत घातली आहेस. ती काढ. तीत दंड भरला जातो, पण माणसाचे खाते शून्यावरच राहते. शिवाय ती पुढे सांगताना अनेकजण बाप रागीट आणि पुत्र दयाळू अशी फाळणी करून बसतात. २ करिंथ ५:१९ त्याच्या नेमके उलट आहे. ख्रिस्ताच्या ठायी देवच जगाचा समेट करत होता, आणि लोकांचे अपराध त्यांच्या हिशेबी धरत नव्हता. त्याऐवजी फिलेमोनाचे पत्र वापर. पळून गेलेल्या दास अनेसिमाबद्दल पौल त्याच्या धन्याला, फिलेमोनाला, लिहितो, की तो तुझे काही लागत असला तर ते माझ्या नावे लिही, आणि माझा स्वीकार करशील तसा त्याचा कर (वचने १७-१८). कर्ज इकडे, मान तिकडे. दोन्ही बाजू दोन वचनांत आल्या.

लूक १८ मधला येशूचा दाखला, मंदिरात प्रार्थनेला आलेला परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा, आणि कर वसूल करणारा जकातदार, तू घेतला आहेस ते उत्तम. फक्त परुशाला ढोंगी करून हसू नकोस. नियमशास्त्रात ठरावीक उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. हा आठवड्यातून दोनदा करतो, मिळकतीचा दशांश देतो. आजच्या कोणत्याही मंडळीत याला पंच म्हणून निवडतील. तो खोटे बोलत नाही, तो नुसता आपली जमेची बाजू वाचून दाखवतो. जकातदार 'दया कर' म्हणतो, तिथले ग्रीक क्रियापद आणि रोम ३:२५ मधला प्रायश्चित्ताचा शब्द एकाच मुळाचे आहेत. आणि तो 'नीतिमान ठरून' घरी गेला, तेही पौलाचेच क्रियापद. पौलाने येशूच्या साध्या शिकवणीत काहीतरी घुसडले असे कोणी म्हणाले तर हे वचन दाखव.

मग चांगले वागायचे की नाही? प्रश्न येणारच, आणि याकोब २:२४ घेऊन येणार : माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर कृतींनी नीतिमान ठरतो. पौल आणि याकोब दोघेही उत्पत्ती १५:६ च उद्धृत करतात. पण पौल अब्राहामाने वचनावर विश्वास ठेवला त्या रात्रीबद्दल बोलतो, आणि याकोब इसहाकाला वेदीवर ठेवल्याच्या दिवसाबद्दल, बावीसाव्या अध्यायाबद्दल. मधे कित्येक वर्षे गेली. खाते कशाने उघडले हे पौल सांगतो, आणि खाते खरे आहे हे कशावरून ओळखायचे ते याकोब. त्याचे उदाहरणही बघ : उघड्या भावाला 'ऊब घे' म्हणायचे आणि पांघरूण द्यायचे नाही. चादरींच्या गावात हे वचन वाचताना आवाज चढवावा लागत नाही.

इथेच अनुवाद २४:१०-१३ जोड. सावकाराने गहाण घ्यायला घरात शिरायचे नाही, बाहेर उभे राहायचे. गरिबाचे पांघरूण गहाण असेल तर सूर्य मावळताना परत करायचे, म्हणजे तो त्यात निजेल. हे तुझे त्सेदाका ठरेल, असे तिथे लिहिले आहे. वसुलीला दारात येऊन आरडाओरडा करणारी माणसे आपल्या वस्तीला नवी नाहीत, आणि वसुली करणाऱ्यांत आपल्याच मंडळीची पोरेही असतात. त्यांना नाव न घेता हे ऐकू दे. तुझे व्यसन-खोटेपणाचे मुद्दे आता, शेवटच्या पाच मिनिटांत, या वचनामागे घाल. सुरुवातीला ते अटी वाटत होते, इथे ते निकालानंतरचे जगणे वाटतील.

एखादा कॅथलिक मित्र आला असेल तर वाद ओढवून घेऊ नकोस. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने 'नीतिमान ठरणे' यात पापक्षमेबरोबर अंतःकरणाचे नूतनीकरणही धरले, आणि प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरच्या बाजूने निकाल आणि नूतनीकरण वेगळे ठेवले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे लूथरन आणि कॅथलिक दोघांनी, हे कृपेनेच होते, आपल्या योग्यतेने नव्हे, अशा संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण ऐन सोळाव्या शतकातले शब्द फेकायचे दिवसही राहिले नाहीत. विचारले तरच हे सांग, दोन मिनिटांच्या वर नको.

भाषण लिहून काढ, मग कागद उलटा ठेवून घड्याळ लावून बोल. वीसच्या जागी अठ्ठावीस मिनिटे होतील, सगळ्यांची होतात. तेव्हा तुझ्या मुद्द्यांतली हबक्कूक आणि यशयाची वचने गाळ, रोम ३ ला हात लावू नकोस. तेलुगू मुलांपैकी एकाला रोम ४:५ त्याच्या बायबलातून वाचायला आधीच सांगून ठेव, ऐन वेळी पान सापडत नाही. शनिवारी उपासनेच्या तयारीला येशील तेव्हा मसुदा आण. लाल पेन मी घेऊन येतो.

तुझा,
प्रभूमधला काका

ता. क. : फळ्यासाठी खडू घरून ने. तिथे कधीच नसतो.