आईची एन्झायटी औषधाला दाद देत नाही, मग आता काय?

ताई, मेलबर्नहून लिहिलेलं तुमचं पत्र सावकाश वाचलं. वर तुम्ही लिहिलंय की तीन डॉक्टर झाले, सगळ्या गोळ्या झाल्या, आईला काहीच लागू पडत नाही. आणि खाली लिहिलंय की पहिली गोळी मळमळ व्हायला लागली म्हणून पंधरा दिवसात बंद केली, दुसरीने जास्तच धडधडायला लागलं म्हणून आठवड्यात सोडली, तिसरी कधी घेते कधी नाही, आणि मधनंमधनं अल्प्राझोलमची अर्धी गोळी गेली चार वर्षं चालूच आहे. हे मला थेट सांगायचंय, रागावू नका, पण याला औषध लागू पडलं नाही असं म्हणता येत नाही, ते अजून नीट दिलंच गेलेलं नाही. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे.

एन्झायटीसाठी पहिल्यांदा देतात त्या गोळ्या म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे, यांचा गुण यायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, आणि काही माणसांना पुरता फरक कळायला 12 आठवडे पण लागतात. त्यात गंमत अशी की पहिल्या एक-दोन आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा, धडधड उलट वाढू शकते. हे कोणी आधी सांगितलंच नाही तर पेशंटला वाटणारच की गोळी बाधली, आणि बंद होते. म्हणून डॉक्टर सुरुवात अगदी कमी डोसने करतात, वय झालेल्यांना तर आणखी जपून, पण मग तो डोस हळूहळू वाढवावा लागतो. एस्सिटालोप्रामची 5 मिलिग्रॅम ही बहुतेक वेळा सुरुवातच असते, आणि फॉलोअपला कोणी गेलंच नाही तर माणूस सहा महिने 5 वरच राहतो आणि मग घरात म्हणतात औषध काय कामाचं नाही.

अल्प्राझोलमचं वेगळं आहे. ती लगेच काम करते, अर्ध्या तासात बरं वाटतं, म्हणून तीच खरी गोळी वाटते. पण तिचा असर काही तासांत उतरतो आणि उतरताना भीती परत वर येते, मग पुढची अर्धी. चार वर्षं हे चाललं की शरीराला सवय लागते, तोल जातो, विसरायला होतं, रात्री बाथरूमला उठताना पडायची भीती. आणि एक ठळक सांगते, हे वाचून दादाला फोन करून आजपासून ती गोळी बंद कर असं अजिबात सांगू नका. एकदम बंद केली तर फिट्स येऊ शकतात. कमी करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने, कधीकधी महिनोन्महिने.

गोळ्या बदलण्याआधी दुसरं काही आहे का ते पण बघायला पाहिजे. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी 12, शुगर आणि सोडियम. सोडियम एवढ्यासाठी की वयस्कर माणसांत एन्झायटीच्या याच गोळ्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्यांनी ते उतरतं आणि मग गळून गेल्यासारखं होतं, गरगरतं. दम्याचा पंप किंवा डेरिफायलिनसारखी गोळी चालू असेल तर तीही धडधड वाढवते, ती मानसोपचार डॉक्टरांना सांगितलीय का? बऱ्याच वेळा सांगितलेली नसते कारण ती दुसऱ्या डॉक्टरांची. चहा किती होतो ते पण विचारा, आपल्याकडं दिवसाला सहा-सात कप म्हणजे कोणाला जास्त वाटतच नाही.

आता मला ज्या गोष्टीवर जास्त बोलायचंय ती. तुम्ही लिहिलंय, रोज सकाळी आई व्हिडिओ कॉल करते, करोनाच्या वेळचा तो ऑक्सिमीटर बोटाला लावून कॅमेऱ्यासमोर धरते, "बघ गं, नव्वद आलंय नाडी, हे बरोबर हाय का?" तुम्ही म्हणता, "आई, काही नाही झालं, नॉर्मल आहे." तिला बरं वाटतं. दुपारी परत फोन. पाऊस लागला की कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली ते दर तासाला मोबाईलवर, दादा ऑफिसमधून सांगतो "अगं 39 ची इशारा पातळी, 43 ची धोका पातळी, अजून लई लांब आहे", तेवढ्यापुरतं शांत. वहिनी तिला एकटीला महाद्वार रोडला सोडत नाहीत. छातीत जरा काही झालं की इमर्जन्सीला, ईसीजी नॉर्मल, घरी.

यात कोणाचीच चूक नाही, सगळे प्रेमानेच करताहेत. पण भीतीचं गणित असं आहे की प्रत्येक वेळी धीर दिला, तपासलं, टाळलं की त्या क्षणापुरती ती उतरते आणि मेंदू शिकतो की आपण वाचलो ते तपासल्यामुळं वाचलो. पुढच्या वेळी आणखी लवकर तपासायची ओढ लागते. गोळी कितीही चांगली असली तरी दिवसातनं दहा वेळा भीतीला असं खतपाणी मिळत असेल तर ती एकटी काय करणार?

सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातनं होणारी थेरपी, तिच्यात नेमकं यावरच काम करतात. समजवून सांगणं हा त्यातला छोटा भाग, मोठा भाग म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ थोडं थोडं जाणं, यालाच एक्स्पोजर म्हणतात. आईच्या बाबतीत म्हणजे आधी वहिनींबरोबर भवानी मंडपापर्यंत, ऑक्सिमीटर घरी ठेवून. मग वहिनी भवानी मंडपातच थांबणार आणि आई एकटी अंबाबाईचं दर्शन घेऊन येणार. धडधडेल, घाम येईल, पळून जावंसं वाटेल, तरी थोडा वेळ तिथंच थांबायचं, भीती आपोआप खाली येते हे तिला स्वतःला दिसायला पाहिजे. पर्समधली गोळीची स्ट्रिप पण "असू दे जवळ" म्हणून नेली तर मेंदू श्रेय तिलाच देतो, पण ते पुढच्या टप्प्यावर, थेरपिस्ट ठरवतील. हे मराठीतनं व्हायला पाहिजे, आईच्या भाषेत. कोल्हापुरात कोणी जमलं नाही तर व्हिडिओवरनं पुण्या-मुंबईचे मराठी थेरपिस्ट घेता येतात. घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारा, तुम्ही एक्स्पोजर करून घेता का? नुसत्या गप्पा आणि दीर्घ श्वास एवढंच असेल तर या आजाराला ते पुरत नाही.

तुमचं काम फोनवर आहे. कॉल बंद करू नका, पण आकडा विचारला की उत्तर देऊ नका. आधी तिला सांगून ठेवा की आई, मी नाडी बघून सांगणार नाही, कारण त्यानं तुझा आजार वाढतो, पण मी फोनवर आहे, बोल माझ्याशी. सुरुवातीला ती चिडेल, रडेल, "परदेशात गेलीस तशी बदललीस" असं पण म्हणेल. लागेल मनाला. दादाला आणि वहिनींना आधी विश्वासात घ्या, नाहीतर तुम्ही नाही सांगितलं की ती त्यांना विचारणार. एक मात्र पाळा, दुखणं वेगळ्या प्रकारचं असेल, चालताना-जिना चढताना छाती भरून येत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल तर एन्झायटी म्हणून सोडायचं नाही, तडक दवाखाना.

हे सगळं नीट होऊनही फरक पडला नाही तर? अशी माणसं असतात, आणि त्यांना "मनावर घेऊ नकोस" म्हणणं म्हणजे अन्याय आहे. दोन वेगवेगळी औषधं पुऱ्या डोसमध्ये, पुरेसे आठवडे, जोडीला सीबीटी, तरी तसंच असेल तर साधारण त्याला डॉक्टर दाद न देणारा आजार समजतात. मग व्हेन्लाफॅक्सिन किंवा ड्युलॉक्सेटिन, प्रिगॅबालिन, बुस्पिरोन असे पुढचे मार्ग आहेत. आणि निदानच परत तपासतात. आईचं सगळं 2019 च्या पुरानंतर वाढलं असं तुम्ही लिहिलंय, घरात पाणी शिरलं, रात्रीतनं बाहेर पडावं लागलं, तर ही नुसती एन्झायटी आहे की त्या रात्रीचा आघात अजून आत आहे हे डॉक्टरांना विचारायला पाहिजे, कारण त्याची थेरपी वेगळी असते. डिप्रेशन आहे का, आणि या वयात स्मरणशक्ती पण एकदा तपासून घ्या.

ओटी भरा, दृष्ट काढा, आईला बरं वाटत असेल तर जरूर, फक्त त्यापायी गोळी चुकता कामा नये.

तिकडून डॉक्टरांशी बोलायचं तर आईची संमती लागते, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिची माहिती तिची आहे. व्हिजिटच्या वेळी दादाच्या फोनवर तुम्ही व्हिडिओवर असाल तर आईसमोरच सगळं होईल. रात्री-अपरात्री तिला बोलावंसं वाटलं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, 14416, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत, पण तो नंबर घरच्यांनी तिथूनच लावायचा.

या रविवारी दादाबरोबर बसून एक कागद करा. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधीपासून कधीपर्यंत, रोज घेतली का, का सोडली. जुन्या चिठ्ठ्या आणि मेडिकलची बिलं काढा, आईला आठवत नसेल तर बिलावर तारखा असतात. अल्प्राझोलम खरी किती जाते ते रिकाम्या स्ट्रिपवरनं मोजा, दरडावून विचारू नका. तो कागद पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांच्या टेबलावर पहिल्यांदा ठेवायचा, बाकीचं बोलणं नंतर.